शेवटच्या चार पाचरी

मिस्त्री जेवायला बसला होता, पहिला घास हातात होता, तेवढ्यात लेकीचा फोन आला. लेक बंदराच्या कचेरीत कारकून. भरदुपारी फोन करायची तिची पद्धत नाही, कारण केला की बाप खेकसायचा, "कचेरीत कामं नाहीत वाटतं?" आज मात्र तिने त्याला तोंड उघडूच दिलं नाही.

"बाबा, बसलेले आहात ना? ड्रेजरला बोट सापडली."

"कुठली बोट?"

"कुठली काय! ती. सतरा माणसांची. गाळ उपसताना पंजात मोठा लोखंडी तुकडा आलाय, त्यावर दोनचा आकडा आहे. यार्डाचे मुकादम म्हणतात, दोन नंबरच्या हॅचची कड आहे, आणि अजून पाचरी ठोकलेल्या आहेत त्यात. लाकडी पाचरी, बाबा! छत्तीस वर्षं चिखलात राहून! परवाच्या स्मरणाला तो तुकडा धक्क्यावर ठेवायचं ठरलंय. साफ करायला तुम्हालाच बोलवलंय, आता या कामातलं कळणारं दुसरं उरलंय कोण? ऐकताय ना? बाबा?"

ऐकत होता. पण घास ताटात पडला होता. "उद्या येतो," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला. ताट तसंच झाकून ठेवलं.

आता हॅच म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर या माणसाच्या हातातला घास का पडला ते कळायचं नाही. जुन्या मालवाहू बोटीच्या डेकवर माल खाली सोडायला मोठमोठी चौकोनी भोकं असायची, त्यांना हॅच म्हणायचं. माल भरला की भोकावर फळ्या टाकायच्या, फळ्यांवर ताडपत्री ओढायची, ताडपत्रीच्या कडा लोखंडी पट्टीखाली दाबायच्या आणि पट्टी हलू नये म्हणून कडेने लाकडी पाचरी ठोकायच्या. झालं. एवढ्याशा लाकडांच्या भरवशावर अख्खी बोट समुद्रात जायची. आणि पाचरीचं जाड टोक नेहमी बोटीच्या नाकाकडे. म्हणजे समोरून लाट आली की ती जाड टोकावर आपटणार आणि पाचर आणखी घट्ट बसणार. उलटी ठोकलीत तर तीच लाट तिला उचकटून काढणार. गोदीतल्या सुताराला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. हे जो चुकायचा त्याला सुतार म्हणत नसत, दुसरं काहीतरी म्हणत, ते इथे सांगण्यासारखं नाही.

छत्तीस वर्षांपूर्वी मिस्त्री त्या बोटीच्या दोन नंबरच्या हॅचवर डाव्या बाजूची ओळ ठोकत होता. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा. नऊ पाचरींची ओळ, पाच झाल्या होत्या, आणि धक्क्यावरून कुणीतरी ओरडलं, "अरे, तुझ्या बायकोला दवाखान्यात नेलंय!" आठवाच महिना होता. बोटीचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "पळ, पळ! आधी तिच्याकडे बघ." पण चार पाचरी राहिल्या होत्या, आणि काम अर्धं टाकून जाणं मिस्त्रीच्या रक्तात नव्हतं. शिडी ओळीच्या दुसऱ्या टोकाला होती. तो तिकडे गेला, तिकडूनच चार पाचरी धडाधड ठोकल्या आणि पळाला.

मुलगी झाली. अगदी मूठभर, पण रडण्याचा आवाज असा की दवाखाना डोक्यावर घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मांडीवर घेऊन खिडकीत बसला, तिच्या तोंडावर ऊन आलं म्हणून त्याने हात आडवा धरला, आणि कालचं ऊन आठवलं. पहिल्या पाच पाचरी ठोकताना ऊन त्याच्या पाठीवर होतं. शेवटच्या चार ठोकताना ऊन डोळ्यांत होतं. म्हणजे तो उलट्या बाजूने उभा होता, आणि हात आपला सवयीने चालला होता, म्हणजे चारही पाचरी उलट्या. पोरीला बायकोच्या कुशीत देऊन तो धक्क्याकडे धावला. बोट पहाटेच सुटली होती. दुपारी वारा उठला. बोट परत आली नाही, कुठे बुडाली तेही कळलं नाही. सतरा माणसं गेली.

पुढे चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, "पाचरी नीट ठोकल्या होत्या?" मिस्त्री म्हणाला, "हो साहेब." अहवालात एक ओळ आली, की बहुधा सगळ्यात मोठ्या, दोन नंबरच्या हॅचमधून पाणी आत शिरलं असावं. बहुधा! त्या एका शब्दाने या माणसाचा जीव छत्तीस वर्षं टांगणीला लावला. बायको गेली, तिलाही त्याने कधी सांगितलं नाही.

गावाने स्मारक करायचं ठरवलं तेव्हा लाकूडकाम याच्याकडेच आलं. त्याने धक्क्यावर एक जाडजूड तुळई उभारली, तिला लोखंडी पट्टी घातली आणि पट्टीखाली सतरा पाचरी बसवल्या, एकेका माणसाच्या नावाची एकेक. लोक म्हणाले, सुताराचं डोकं, दुसरं काय सुचणार! वर्षभराच्या उन्हापाण्याने पाचरी सैल पडायच्या. मग दर वर्षी बोट गेली त्या दिवशी सकाळी गाव जमायचं आणि ज्याच्या घरचा माणूस त्याने आपल्या पाचरीवर हातोड्याचा एक ठोका घालून ती घट्ट करायची. मंत्र नाही, भाषण नाही. सतरा ठोके, की झालं स्मरण. मिस्त्री हातोडा पुसून हातात द्यायचा, पण स्वतः त्याने आजवर एकदाही ठोका घातला नव्हता. सारंगाची बायको दर वर्षी म्हणायची, "भावजी, माझं मनगट दुखतं, तुम्ही घाला माझ्या वाटचा." आणि हा दर वर्षी म्हणायचा, "छे छे वहिनी, तो तुमचा मान." मान कसला, हात धजत नव्हता.

त्या दुपारी घरात बसवेना म्हणून तो वहिनींकडे गेला. ते घर त्याला नवं नव्हतं. छत्तीस वर्षांत त्या घराची खिडकी याने बसवली, छपराचे वासे याने बदलले, दोन्ही पोरांच्या लग्नात मांडव याने घातला. आठवड्यातून एकदा तरी फेरी असायचीच. शेजारीपाजारी म्हणायचे, सख्खा दीर करणार नाही इतकं करतो. हा खाली मान घालून ऐकायचा.

"आलात? बसा," वहिनी म्हणाल्या. "त्या बाकड्यावर नीट बसा, खिळा वर आलाय."

बाकडं सारंगाने दुरुस्त केलेलं. त्याच्या हातोड्याच्या तोंडाचा एक कोपरा उडालेला होता, त्यामुळे जिथे ठोका पडेल तिथे चावा घेतलेल्या बिस्किटासारखी खूण उठायची. बाकडंभर त्या खुणा.

"नवा हातोडा घ्या म्हणून कानीकपाळी ओरडले," वहिनी चहा ओतता ओतता सुरू झाल्या. हे त्यांचं नेहमीचं होतं. "पण नाही! हाच हाताला बसलाय म्हणे. आणि खोड काय विचारता! सगळ्यांच्या कामावर मागून हात फिरवायचा. मी बोचक्याला गाठ मारली की सोडून परत मारायची. मी दाराला कडी लावली की उठून परत बघायची. एकदा मी इतकी चिडले, म्हटलं, आता श्वाससुद्धा घेते तो बरोबर घेतेय का बघा! तर म्हणतात कसे, बघतो."

एरवी मिस्त्री यावर खळखळून हसायचा. आज कप तोंडापर्यंत गेला नाही.

"बोट सापडली म्हणे," वहिनी हळूच म्हणाल्या. "मला कळलं सकाळीच. तुम्ही बघायला जाणार ना? बघा आणि मला सांगा. मी नाही येणार. माझ्याने बघवणार नाही."

"वहिनी," मिस्त्री म्हणाला. पुढचं सगळं जिभेवर होतं. सांगितलं की हे घर संपलं, हा चहा संपला, भावजी ही हाक संपली. "वहिनी, तो खिळा... उद्या हातोडा घेऊन येतो." एवढंच निघालं तोंडातून. लाज वाटली स्वतःची.

पण रस्त्यात त्याने एक ठरवलं. पाचरी उलट्या निघाल्या, तर परवा सगळ्या गावासमोर उभं राहून सांगायचं. मग गाव जे करील ते करील.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बंदराच्या यार्डात पोचला तेव्हा लेक फाटकावरच उभी होती. त्या दिवशी तिचा वाढदिवस होता. तिने आठवण करून दिली नाही, त्याने काढली नाही. त्या घरात तो दिवस कधी साजरा झालाच नव्हता.

तुकडा ताडपत्रीवर आडवा ठेवला होता. दोन माणसांच्या लांबीचा, चिखलाने नुसता बरबटलेला. यार्डाचा मुकादम पाण्याचा पाईप घेऊन पुढे आला.

"मारू फवारा?"

"हात लावू नका!" मिस्त्री असा ओरडला की मुकादम दोन पावलं मागे सरला. "द्या तो पाईप इकडे. फवारा मारू म्हणे! पाचरी निघून आल्या म्हणजे?"

त्याने पाण्याची बारीक धार सोडली आणि गुडघ्यावर बसून बोटांनी चिखल काढायला लागला. आधी दोनचा आकडा मोकळा झाला. आकडा नेहमी नाकाकडच्या कोपऱ्यात असतो, म्हणजे बोटीचं नाक डावीकडे. मग पहिली पाचर. जाड टोक डावीकडे. बरोबर. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्या बरोबर. त्या असणारच होत्या. सहावीपाशी आला आणि हात थांबला. पाणी नुसतं वाहत राहिलं.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही." त्याने डोळे मिटले आणि अंगठ्याने चिखल लोटला. अंगठ्याला जाड टोक लागलं, ते डावीकडे. त्याने डोळे उघडले. सातवी डावीकडे. आठवी, नववी. सगळ्या! नऊच्या नऊ सरळ, आणि एकही ढिली नाही.

"हे कसं होईल," तो पुटपुटला. आनंद व्हायला हवा होता, पण झाला तो गोंधळ. ऊन डोळ्यांत होतं. छत्तीस वर्षं रोज आठवलेलं ऊन खोटं कसं असेल? खिशातून चष्मा काढून त्याने सहावी पाचर जवळून पाहिली. पाचर ठोकायची ती जाड टोकावर, त्यामुळे मार तिथेच दिसतो. बारीक टोकावर ठोका घालायची वेळ एकदाच येते, ठोकलेली पाचर काढायची असेल तेव्हा. या पाचरीच्या बारीक टोकावर मार होता. सातवीच्याही, आठवीच्याही, नववीच्याही. आणि खूण कशी? चावा घेतलेल्या बिस्किटासारखी.

पहिल्या पाचांच्या बारीक टोकांवर काही नव्हतं. पण जाड टोकांवर, मिस्त्रीच्या स्वतःच्या ठोक्यांवर, तशीच एकेक खूण होती. सारंग अख्ख्या ओळीवरून हात फिरवून गेला होता. पाच बघून पास केल्या, चार उलट्या दिसल्या, त्या काढल्या आणि फिरवून परत ठोकल्या. पळून गेलेल्या पोराला शिवी घातली असेल बहुतेक, आणि ती योग्यच होती.

"पाणबुडे काल खाली जाऊन आले," मुकादम सांगत होता. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. "बोटीचं पोट खालून फाटलंय. खडकावर गेली ती, वाऱ्याने भरकटून. हॅच सगळ्या बंद. आमच्या पंजाने उचकटेपर्यंत हीसुद्धा बंदच होती. चोख काम हो मिस्त्री तुमचं!"

"माझं नाही," मिस्त्री म्हणाला आणि चिखलात बसकण मारून ढसाढसा रडायला लागला.

मुकादम भला माणूस, तो चहा सांगायच्या निमित्ताने निघून गेला. लेक बापाशेजारी बसली, कचेरीच्या कपड्यांनिशी, चिखलात. मग त्याने तिला सगळं सांगितलं. ऊन, चार पाचरी, चौकशीतलं ते "हो साहेब". ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणून माझ्या वाढदिवसाला तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडायचात?"

"हो गं."

"मला वाटायचं, तुम्हाला मुलगा हवा होता."

मिस्त्री तिच्याकडे आ वासून बघत राहिला. "वेडी की काय तू! अगं, तू झालीस तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात नाचलो होतो. नर्सने हाकललं मला."

"मग सांगायचं ना कधीतरी!" ती म्हणाली, आणि तीही रडायला लागली, आणि रडता रडता दोघं हसायला लागली. मुकादम चहा घेऊन आला तो हे बघून चहासकट परत फिरला.

वहिनींना सांगणं त्याहून अवघड होतं. मिस्त्री दुपारी त्यांच्या दारात उभा राहिला. हातोडा आणला होता, पण खिळ्याकडे न जाता त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, एका दमात, एकही शब्द न गाळता. चुकलो होतो, साहेबांपुढे खोटं बोललो, आणि सारंगाने निस्तरलं. वहिनी बाकड्यावर बसून ऐकत होत्या. त्यांचा हात बाकड्यावरच्या खुणांवरून फिरत होता.

मग त्या एकदम कडाडल्या. "छत्तीस वर्षं! छत्तीस वर्षं माझ्या दारात चहा प्यायलात आणि हे पोटात ठेवलंत? आणि माझी खिडकी, माझं छप्पर, पोरांचे मांडव, ते सगळं यासाठी होय? मला वाटलं, तुम्हाला आमची माया आहे!"

"सुरुवातीला यासाठीच," मिस्त्री खरं तेच बोलला. आता खोटं बोलायचं त्राणच नव्हतं. "पण पुढे... वहिनी, नुसत्या भीतीपोटी कुणी दर आठवड्याला येतं का? मला इथे बरं वाटायचं म्हणून यायचो. आणि बरं वाटतं याचीच आणखी भीती वाटायची."

वहिनींनी पदराने डोळे पुसले. "म्हणजे यांनी शेवटच्या दिवशीसुद्धा दुसऱ्याच्या कामावर हात फिरवला तर," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा राग बघता बघता कुठल्या कुठे गेला. "आणि मी जन्मभर त्या खोडीवरून त्यांना बोलत राहिले. बरोबर बघायचे हो. बरोबर बघायचे." मग थोड्या वेळाने, खालच्या आवाजात, "आता ओझं उतरलं तुमचं. आता कशाला याल?"

"हा खिळा राहिलाय ना," मिस्त्री म्हणाला.

"तो आज होईल."

"आज नाही करत. पुढच्या आठवड्यात करू."

वहिनी हसल्या तेव्हा कुठे त्याचा जीव खरा भांड्यात पडला. पाचरी सरळ निघाल्या तेव्हासुद्धा इतकं हायसं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर गाव जमलं. तुळईशेजारी तो तुकडा ठेवला होता, धुऊन, तेल लावून. पाचरी सरळ निघाल्या तरी मिस्त्रीने ठरवलं होतं तसं केलंच. पुढे होऊन त्याने सगळ्यांना सांगितलं की मी चार पाचरी उलट्या ठोकल्या होत्या आणि त्या बोटीच्या सारंगाने सरळ केल्या. हॅच उघडली नाही, पाणी तिथून शिरलं नाही, त्या सतरा जणांनी आपलं काम चोख केलं होतं. बोटीवरच्या आचाऱ्याचा म्हातारा भाऊ पुढे आला. "बहुधा, बहुधा ऐकून कान किटले होते," तो म्हणाला. "फळ्या नीट टाकल्या नसतील, असं म्हणायचे आमच्या माणसांना. बरं झालं सांगितलंस." आणि त्याने मिस्त्रीच्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा नाकावरून घसरला.

ठोके सुरू झाले. सोळा झाले. सतरावी पाचर सारंगाची.

"भावजी, माझं मनगट दुखतं," वहिनी नेहमीसारख्या म्हणाल्या. "तुम्ही घाला."

मिस्त्री पुढे झाला. आधी उभा कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं. ऊन पाठीवर होतं. त्याने हातोडा उचलला आणि एकच ठोका घातला, खणखणीत.

लोक पांगायला लागले. वहिनी मात्र तुळईपाशी गेल्या, वाकून पाचरीचं जाड टोक कुठे आहे ते बघितलं, मग दोन बोटांत धरून ती हलवून बघितली, एकदा आणि परत एकदा.

"नीट बसलीय," त्या म्हणाल्या. "चला आता, चहा घेऊ."